तुला बंधन नाही

"रेवा, तो डोळा पुरा कर. मग हात धू आणि इकडे ये."

भालूमामाचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी वर पाहिलं नाही. आखणीला बसलेल्या माणसानं वर बघायचं नसतं. आणि आमच्या कारखान्यात मामाच्या आजोबांपासूनची एक रीत होती. गणपतीचा एक डोळा आखून उठायचं नाही. घराला आग लागली तरी आधी दुसरा डोळा उघडायचा, मग पळायचं. एका डोळ्याचा देव कुणाच्या पाटावर बसू नये, म्हणून.

मी श्वास धरून डाव्या डोळ्याची वरची पापणी ओढली. बुबुळ भरलं. त्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका ठेवला. मूर्ती बघायला लागली तशी मी तिला नमस्कार केला, कुंचला पाण्यात हलवला, हात धुतले आणि दाराशी गेले. मामा टोपी हातात घेऊन उभा होता. भाद्रपद तोंडावर आलेला, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि मामा टोपी काढून उभा.

"रूबेनराव गेले," तो म्हणाला. "पहाटे. समोर वाण्याकडे फोन आला होता."

"आत्ता आला फोन?"

"तू उजवा डोळा आखत होतीस तेव्हा."

मी मामाला दोष दिला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही थांबले असते.

रूबेन वावेकर म्हणजे माझे बाबा. चौलजवळच्या एका वाडीत सुतारकाम करायचे. आम्ही बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वी आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. बाबांच्या वेळी घाणे गेले होते, शनिवार तेवढा उरला होता. ते पेणला मामाच्या कारखान्याला गणपतीचे पाट करून द्यायचे. तिथेच माझी आई, मामाची धाकटी बहीण, मूर्ती रंगवायला बसायची. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं. तिनं आपला देव सोडला नाही, त्यांनी आपला सोडला नाही. काही वर्षं दोन्हीकडची दारं बंद होती. मी झाल्यावर ती किलकिली झाली. बाबांच्या घरानं माझं नाव ठेवलं रिवका, मामाच्या घरानं ठेवलं रेवा. मी नऊ वर्षांची असताना आई तापानं गेली. तेव्हापासून माझी शाळा आणि कुंचला पेणला, आणि शनिवार-रविवार बाबांकडे.

दोन्ही घरांचं मी मनापासून पाळलं. तेव्हाही आणि आजही, केस पिकले तरी. शुक्रवारी सांजेला तेलाचा दिवा लावते, शनिवारी कुंचला धरत नाही. संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय अन्न घेत नाही. सकाळी आधी बाबांनी शिकवलेला शेमा, आमची रोजची प्रार्थना, म्हणते, मग आईच्या अन्नपूर्णेला फूल घालते. देवाघरी यात काही भांडण झाल्याचं मला तरी कधी कळलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र विचारायची. "भालचंद्रशेट, ऐन हंगामात तुमची भाची शनिवारी कुठं संपावर जाते?"

मामा लगेच म्हणायचा, "शनीचं व्रत आहे हो तिचं. कडक आहे फार."

आणि मला डोळा घालायचा. मीही हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते कळायला मला चोविसावं वर्ष लागलं. बाबा गेले ते वर्ष.

एसटीत मामा माझ्या शेजारी बसला होता. पोयनाडच्या पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "त्यांच्यात लवकर उरकतात ना गं?"

"त्याच दिवशी. सूर्य मावळायच्या आत."

"हं." थोडं थांबून तो म्हणाला, "तसं नव्हे... अजून निम्म्या मूर्ती आंधळ्या आहेत, म्हणून विचारलं."

बाबांना आंघोळ घालून पांढऱ्या कापडात ठेवलं होतं. आमच्याकडची मयताची प्रार्थना, कद्दीश, म्हणायला दहा पुरुष लागतात. वाडीत आमची घरं उरली होती चार, बाकीची इस्राईलला गेली. मग अलिबागहून एलिझरकाका माणसं गोळा करून आले होते. एलिझरकाका म्हणजे आमच्या सगळ्या बाजूचे वडीलधारे, लग्न असो की मयत, शब्द त्यांचा. लहानपणी मलिद्याच्या विधीतल्या ताटातला खजूर त्यांनीच मला भरवलेला. त्यांनी एका पुडीतली माती बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवली. यरुशलेमची माती असते ती.

मग ते खिशातून लहान कात्री काढून आमच्याकडे वळले. मयताच्या रक्ताच्या माणसाच्या कपड्याला चीर द्यायची असते. ती चीर मग शिवायची नाही, तेच फाटकं नेसून सात दिवस जमिनीवर बसायचं. त्यांनी सेगुलाआत्याच्या, बाबांच्या बहिणीच्या, पदराच्या काठाला कात्री लावली. आत्यानं पुढचं हातानं फाडलं.

मी पुढे होऊन माझा पदर धरला.

एलिझरकाकांनी कात्री मिटली.

"काका," मी म्हणाले, "माझी राहिली."

"तुला नको, बाय."

"मी त्यांची मुलगी आहे."

"ते का मला माहीत नाय?" त्यांचा आवाज खूप मऊ होता. रागावले असते तर बरं झालं असतं. "आईवरून जात चालते आपल्यात. तुझी आई आपल्यातली नव्हती. म्हणून तुला बंधन नाही. ना चीर, ना सात दिवस. शास्त्रानं तुला मोकळं ठेवलंय, बाय. मनात काय धरू नको."

मागून कोणी म्हातारी पुटपुटली, "गणपतीवालीची ना ती? पूर्वी काळ्या इस्राईलांचं ताटसुद्धा वेगळं असायचं. आता बरोबरीनं पदर पुढे करतात."

काळी म्हणजे रंगानं नव्हे. मिश्र लग्नाच्या मुलांना आमच्यात पूर्वी तसं म्हणत. माझ्या तोंडावर तो शब्द पहिल्यांदाच आला.

"चूप गं, रोहेलमावशी," आत्या म्हणाली. पण मला तिनं जवळ घेतलं नाही.

माझा पदर अजून माझ्या हातातच होता. मी तो नीट खांद्यावर घेतला.

पुरुष बाबांना घेऊन गेले. मामा माणूसपणानं खांदा द्यायला गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या कुर्त्याला माती लागली होती आणि चेहरा सैल झाला होता. मला सात दिवस बसायचं नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

"चल, शेवटची गाडी मिळेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत उपाध्ये येऊन ओट्यावर बसले होते. मामानं त्यांना बोलावलं होतं. सुतक्यानं मूर्तीला हात लावायचा नाही, ही कारखान्याची दुसरी रीत. आजी गेली तेव्हा मामानं स्वतः दहा दिवस कारखान्याचं दार पाहिलं नव्हतं.

उपाध्ये चहा पीत म्हणाले, "सुतक गोत्राचं असतं. मुलगी अविवाहित, म्हणजे बापाच्या गोत्राची. खरं ना?"

"खरं," मामा म्हणाला.

"आता त्यांचं गोत्र कुठलं?"

उपाध्यांनी कप खाली ठेवला.

"नाहीच. म्हणजे सुतक कसलं? लागतच नाही. आंघोळ करून खुशाल बसव आखणीला." ते माझ्याकडे वळून प्रेमानं म्हणाले, "तुला बंधन नाही हो, बाळ. तू आमचीच आहेस."

कुसुममामीनं सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. तिनं माझ्यासाठी धुतलेलं पातळ बाहेर काढलं, पाटाजवळ नवे कुंचले मांडले, कपात जरा जास्त दूध घातलं. वाईट माणसं नव्हती ती. मी आयुष्यभर त्यांचं मीठ खाल्लंय.

मी आंघोळ केली, शेमा म्हटला, अन्नपूर्णेला फूल घातलं. धुतलेलं पातळ नेसून आखणीला बसले. समोर शाडूची हातभर उंच मूर्ती, अलिबागच्या एका वकिलांची. सोंड, दात, मुकुट सगळं झालेलं, फक्त डोळ्यांच्या जागी पांढरं. मी कुंचला काळ्यात बुडवला आणि उजव्या डोळ्यापर्यंत नेला.

हात स्थिर होता. त्याचीच मला भीती वाटली. तो सवयीनं रेघ ओढायला निघाला होता, जसं काल काहीच झालं नाही.

मी कुंचला आडवा ठेवला.

"मामा, आई गेली तेव्हा तू सुतक धरलंस?"

मामा पलीकडे शेल्याला सोनेरी लावत होता. "आता कशाला ते?"

"धरलंस?"

"ती लग्न होऊन दुसरीकडे गेलेली. ते लग्नही तसलं. उपाध्ये म्हणाले, नाही लागत."

"आणि बाबांनी?"

"त्यांचं मला काय माहीत?"

"म्हणजे आईलाही कोणी नव्हतं."

"रेवा," मामी मध्ये पडली, "आम्ही तुला कधी परकं मानलं का? सांग. पोटच्या पोरीसारखी वाढवली."

"नाही मानलंत मामी. पण मी तुमची व्हायला बाबा माझे नसावे लागतात."

"हे काय भलतंच!"

मामानं हातातलं खाली ठेवलं. "ऐक. चार दिवसांवर चतुर्थी आलीय. लोक मूर्ती बघायला येतात ते 'भाचीच्या हातचे डोळे' मागत येतात. मी आखले तर त्यांना चालत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. रड, हवं तेवढं रड, पण बसल्या जागी रड."

"ते डोळे कुठून शिकले मी, माहीत आहे?"

"तुझ्या आईकडून."

"आईनं कुंचला धरायला शिकवलं. डोळा बाबांचा आहे."

मी उजवा हात माझ्या डोळ्यांवर धरला.

"शेमा म्हणताना बाबा उजवा हात डोळ्यांवर धरायचे. घट्ट. म्हणून झालं की हात काढायचे, आणि क्षणभर असे बघायचे की जणू सगळं आत्ताच कोणीतरी केलंय. मी लहान असताना मांडीवर बसून तेवढ्याचीच वाट बघायचे. लोक म्हणतात ना, तुमचा गणपती आपल्याकडे पहिल्यांदाच बघतोय असं वाटतं? ते बाबांचं बघणं आहे, मामा. दर वर्षी मी तेच आखते."

बाकीचे कारागीरही ऐकत होते. मामा उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "हे बोललीस ते बोललीस. बाहेर कुणाकडे बोलू नकोस. गिऱ्हाइकाला कळलं तर मूर्ती परत येतील."

एवढंच म्हणाला. तो ओरडला असता, तर मी कदाचित रडून पुन्हा बसलेही असते.

मी उठले. मूर्तीला नमस्कार केला. तिचा एकही डोळा आखलेला नव्हता, म्हणून रीत मोडली नाही.

"कुठं निघालीस?"

"बसायला."

"तुला बसायचं नाहीये म्हणून सांगितलं ना दोघांनी?"

"दोघांनी सांगितलं, म्हणूनच."

मामी दारापर्यंत आली. "हंगामात उठलीस तर पुन्हा या पाटावर बसता यायचं नाही, रेवा. हे मी नाही म्हणत. ते म्हणतील."

"हो, मामी."

तसंच झालं पुढे. त्या वर्षीचे उरलेले सगळे डोळे मामानं रात्रीचा दिवस करून आखले, आणि मला कारखान्यात पुन्हा बोलावलं नाही. मी नंतर कागदावर, कॅनव्हासवर चित्रं काढू लागले. शहरात ती लागतात तेव्हा लोक विचारतात, "तुमच्यावर संस्कार कुठले?" मी म्हणते, "दोन्हीकडचे." त्यांना ते ऐकून फार बरं वाटतं.

त्याच दिवशी दुपारी मी वाडीत पोहोचले. ओटीवर चपला होत्या. आत आत्या फाटक्या पदरानं जमिनीवर बसली होती आणि माणसं येऊन तिच्या समोर टेकत होती. मला बघून ती उठली नाही. सात दिवस बसणाऱ्यानं कुणासाठी उठायचं नसतं. पण तिनं हातानं खूण करून मला मागच्या दारी बोलावलं आणि स्वतः सरकत सरकत तिथवर आली.

"कशाला परत आलीस, बाय?"

"तुझ्या शेजारी बसायला."

"इथं?" तिनं मागे वळून बघितलं. "नको गं. एलिझरकाका संध्याकाळी येतील. तू माझ्या शेजारी खाली बसलेली दिसलीस की विचारतील, आणि मग त्यांना काहीतरी बोलावंच लागेल. दहा माणसं तेच आणतात. उद्यापासून आणली नाहीत तर? तुझ्या बापाच्या नावानं कद्दीश कोण म्हणेल?"

तिच्या डोळ्यांत खरंच भीती होती. भावासाठीच होती ती.

"मागच्या पडवीत बसते मग," मी म्हणाले. "बाबांच्या कामाच्या खोलीत. कोणी बघणार नाही."

आत्यानं पडवीकडे बघितलं. मग म्हणाली, "तोही तिथंच बसला होता."

"कोण?"

"तुझी आई गेली तेव्हा. इथं सगळ्यांनी सांगितलं, तुला बंधन नाही, ती आपल्यातली नव्हती. तिकडं पेणला कोणी दारात उभं करेना. मग हा आतून कडी घालून बसला. सदरा स्वतःच पटाशीनं फाडला होता. मी सासरी होते तेव्हा, नंतर कळलं मला."

"सात दिवस?"

"सातही."

"जेवले काय?"

"ते त्यानं कधी सांगितलं नाही." ओटीवर कोणी हाक मारली. आत्या सरकत परत गेली.

खोलीत सागाचा भुसा होता. भिंतीला पाट टेकून ठेवलेले, काही रंधलेले, काही नुसत्या फळ्या. चतुर्थीला जायचे होते ते. एकदा ते पाट बसवायला पेणला आले होते, तेव्हा एक मूर्ती दाखवून मी त्यांना विचारलं होतं, बाबा, माझे डोळे कसे आलेत हो यंदा? तर म्हणाले होते, "पाट माझा, बाय. वरचं तुमचं. मी पाट बघतो." आणि पुन्हा रंधा चालवायला लागले होते. पण ती मूर्ती गाडीत चढेपर्यंत अंगणात उभे होते.

मी कडी घातली. पटाशी खुंटीलाच होती. ती पदराच्या काठाला लावली आणि फाडलं. मामीनं दिलेलं धुतलेलं, घट्ट विणीचं पातळ होतं, जोर लागला. मग भुशात खाली बसले.

त्या दिवशी पोटात काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हट्टानं नव्हे. माझ्या दोन्ही घरांत एक गोष्ट अगदी सारखी होती. ज्याचं माणूस गेलं त्यानं आपल्या हातचं पहिलं जेवण जेवायचं नाही. पेणला सुतकाच्या घरी चूल पेटत नसे, शेजारणी पिठलं-भात झाकून आणून ठेवत. इथं शेजारी उकडलेली अंडी आणि भाकरी आणत. दुसऱ्यानं वाढलं म्हणजे त्यानं मान्य केलं, तुझं माणूस गेलंय. त्याशिवाय घास घ्यायचा नाही. समोर ओटीवर आत्यासाठी भांडी येत होती, झाकणं वाजत होती, बायका "घे गं, एवढं घे" म्हणत होत्या. मी भिंतीपलीकडे ऐकत होते. आत्या मला वाढू शकत नव्हती, ती स्वतःच बसलेली. दुसऱ्या संध्याकाळी पुरुष जमले, कद्दीश झाला. मी शब्दाशब्दाला आत "आमेन" म्हटलं आणि दाराकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा मला समजलं की कोणी येणार नाही. पेणहूनही नाही आणि ओटीवरूनही नाही. येणाऱ्याला आधी हे मानावं लागलं असतं की मला सुतक आहे.

कोपऱ्यात बाबांचा सरस वितळवायचा स्टो होता. दुपारचं ते तिथंच शिजवून खायचे, म्हणून फळीवर तांदळाचा डबा आणि एक पातेलं होतं. मी तांदूळ धुतले. भात होईपर्यंत स्टोजवळ बसले. मग तो एका ताटलीत काढला, वर मीठ घातलं, दुसऱ्या ताटलीनं झाकला.

कडी काढली. ताटली बाहेर पायरीवर ठेवली. दार ओढून घेतलं, कडी लावली आणि माझ्या जागी भुशात येऊन बसले. पदर नीट केला.

थोड्या वेळानं मी उठून दाराशी गेले.

"कोण आहे?" मी विचारलं.

बाहेर नुसता माडांचा आवाज होता.

"मी आहे," मी म्हणाले. "बाबा गेले म्हणून कळलं. जेवण आणलंय, बाय. दोन घास खाऊन घे."

मग मी कडी काढली, वाकून ताटली आत घेतली, आणि जेवले.